पंगतीचा आदेश

संक्रांतीला मी मुळ्यांना तीळगूळ दिला, तर त्यांनी मला पोच दिली.

थट्टा करत नाही. नागापूरच्या एमआयडीसीत आमच्या दोघांच्या शेडच्या आवारांना मधली बुटकी भिंत एकच. सणासुदीला शेजाऱ्याचं तोंड गोड करावं म्हणून मी गेलो, हातावर वडी ठेवली, "गोड बोला" म्हणालो. मुळ्यांनी वडी तोंडात टाकली, ड्रॉवर उघडला, कागद काढला आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'तीळगूळ, नग एक, सुस्थितीत मिळाला.' खाली सही, त्यावर रबरी शिक्का. मी म्हणालो, "अहो मुळेसाहेब, हे कशाला?" तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "गोरखराव, उद्या कोणी विचारलं तर?"

कोण विचारणार आहे हो? तीळगूळ खाल्ला की नाही हे विचारायला कुठलं खातं उघडलंय सरकारनं? पण मुळ्यांना हे सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. वडील जामखेडच्या कचेरीत कारकून होते. घरात खेळण्यांपेक्षा परिपत्रकं जास्त. त्यामुळे हा माणूस डिप्लोमा करून लोखंडाच्या धंद्यात पडला तरी मनानं कचेरीतच राहिला. अंगात पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. लाल कशाला, तर चुका दाखवायला. कोणाच्या, ते विचारू नका.

त्यांची दोन वाक्यं आख्ख्या एमआयडीसीला पाठ आहेत. एक 'उद्या कोणी विचारलं तर' आणि दुसरं 'तोंडी काही नसतं'. पत्रा पाठवतो म्हणून फोन केला, की पलीकडून लगेच, "लिहून पाठवा. तोंडी काही नसतं." एकदा माझ्या बायकोनं, मंगलनं, त्यांना तोंडी जेवायला बोलावलं. ते वाट बघत राहिले चिठ्ठीची आणि आम्ही वाट बघत राहिलो त्यांची. पुरणपोळ्या गार झाल्या. मंगलचं म्हणणं, चूक आपलीच. मुळे भाऊजी रीतीचे आहेत.

आता स्पष्टच सांगतो. मी या माणसावर जळतो. धंदा एकच, शेड तेवढंच, गिऱ्हाईकंही बहुतेक तीच. पण त्यांना सगळे 'साहेब' म्हणतात आणि मला 'शेठ'. शेठ तर टपरीवाल्यालाही म्हणतात! माझी बायकोसुद्धा भांडण झालं की "जरा मुळे भाऊजींकडं बघा" म्हणते. बघतोच आहे की. बघून बघूनच तर पोटात दुखतं.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे रंगनाथ. रंगनाथ माझा वेल्डर. जामखेडकडच्या कोरडवाहू गावातला. घरची सगळी माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी, हा एकटा माझ्याकडं येऊन कारागीर झाला. त्यानं सांधलेल्या लोखंडावर बोट फिरवलं तर जोड कुठं आहे ते कळत नाही. तो आज भिंतीच्या पलीकडं मुळ्यांकडं काम करतो. मला तो परत पाहिजे. सगळ्या जळफळाटाचं मूळ ते आहे.

तो तिकडं कसा गेला, ते सांगायचं तर आधी टोळधाडीपासून सुरुवात करावी लागेल.

आम्ही दोघंही साखर कारखान्यांची कामं करतो. कारखान्यात उसाच्या मोळ्या जिच्यात टाकतात ती गव्हाण. तिच्यातली लोखंडी साखळी मोळ्या आत ओढून नेते. ती साखळी हंगामाच्या आधी पोचली नाही, तर दंड. कोपरगावकडच्या एका कारखान्यात आम्ही दोघं दरपत्रकं घेऊन गेलो होतो. माझ्या दरपत्रकावर एक ओळ, 'माल वेळेत देऊ'. मुळ्यांच्या दरपत्रकाला पुरवणी! 'भूकंप, महापूर, वणवा, टोळधाड, साथीचा रोग, दंगल, युद्ध अथवा सरकारी आदेश यांमुळे विलंब झाल्यास पुरवठादार जबाबदार राहणार नाही.'

खरेदी अधिकारी पोट धरून हसला. "मुळे, साखळी करायचीय का पुराण सांगायचंय?" त्या खोलीत सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. पुढं कित्येक वर्षं मुळ्यांचं नाव 'टोळधाड मुळे' होतं. ते नाव मी पाडलं.

मुळे हसले नाहीत, चिडलेही नाहीत. "असू द्या. लिहिलेलं बरं," एवढंच म्हणाले.

आणि मग तो मार्च आला. सगळं बंद. रस्त्यावर कुत्रं दिसेना. गिऱ्हाईकांची कामं अर्धी, कामगार गावाकडं, कच्चा माल अडकलेला. पुढचा हंगाम काही थांबणार नव्हता, ऊस शेतात वाढत होता. माझी साखळी वेळेत गेली नाही आणि मला दंडाचं पत्र आलं. मुळ्यांची साखळीही गेली नाही, पण त्यांना मुदतवाढीचं पत्र आलं. 'साथीचा रोग' आणि 'सरकारी आदेश', दोन्ही शब्द त्यांच्या कागदावर होते. बरं, एवढ्यावर थांबावं ना? त्याच उन्हाळ्यात विदर्भात टोळधाडही आली! आता बोला. मी पेपर वाचला आणि कपाळाला हात लावला. जो अधिकारी पोट धरून हसला होता, त्यानं फोन करून त्या मजकुराची प्रत मागून घेतली. "मुळेसाहेब, आमच्याही करारात घालतो म्हणतो." मुळेसाहेब! टोळधाड गेली, साहेब उरले.

त्या दिवसांत मोबाईलवर रोज नवा आदेश यायचा. कालचा आजच्यानं रद्द, आजच्याला संध्याकाळी शुद्धिपत्रक. कुठला धंदा अत्यावश्यक, कुठला नाही, कोणाला गाडीचा पास, कोणाला काठीचा प्रसाद, कोणालाच काही कळेना. त्यात एक अफवा उठली, कामगाराला लागण झाली तर मालकाला अटक. आमचे भलेभले मालक गारठले. मी तर मंगलला सांगून ठेवलं, माझा डबा कुठं पाठवायचा ते बघून ठेव.

शेवटी सगळे मालक कुठं गेले? मुळ्यांच्या फाटकाशी. मुळे आत स्टुलावर उभे, आम्ही बाहेर लांब लांब. पोथी ऐकायला बसावं तसे आम्ही आदेश ऐकायचो. मुळे एकेक शब्द सावकाश वाचायचे, मग लाल पेन वर करून अर्थ सांगायचे. "गुन्हा हयगयीचा आहे. ताप आल्याचा गुन्हा कुठल्याच कायद्यात नाही. आपण काळजी घेतली, हे आपल्याला दाखवता आलं पाहिजे. घाबरू नका, घरी जा, हात धुवा." माणसं जीव भांड्यात पडल्यासारखी घरी जायची. माझाही जीव भांड्यात पडायचा. मग ते भांडं तापायला लागायचं. वाटायचं, स्टुलावर मी का नाही?

मग आदेश आला की कामगारांची राहण्या-जेवण्याची सोय आवारातच केली, तर शेड चालू ठेवता येईल. आम्ही सगळ्यांनी नाकं मुरडली. मुळ्यांनी त्याच दिवशी अर्ज टाकला. शेडमध्ये खाटा आल्या, नळ वाढले, जमिनीवर पांढऱ्या रंगाची गोल वर्तुळं आली. एका वर्तुळात एक माणूस, तिथंच बसायचं, तिथंच जेवायचं. आणि तिसऱ्या दिवशी बघतो तर मुळे स्वतः वळकटी घेऊन हजर.

मी भिंतीवरून म्हणालो, "अहो, नियम कामगारांना आहे. मालकानं घरी झोपलं तर चालतं."

"आदेशात 'सर्व संबंधित' असं म्हटलंय, गोरखराव. मी असंबंधित कसा?"

त्यांच्या मागोमाग अक्का आल्या. अक्का म्हणजे मुळ्यांच्या थोरल्या बहीण, तरुणपणीच विधवा झालेल्या. मुळ्यांनी लग्न केलं नाही. सावेडीच्या घरात बहीण-भाऊ दोघंच. अक्कांना कोणी सांगितलं, की पोरं हातानं शिजवतात आणि कच्चं खातात. झालं! पातेली रिक्षाटेम्पोत घालून बाई शेडमध्ये मुक्कामाला. त्यांचा पास कुठल्या सदराखाली काढावा यावर मुळ्यांनी रात्रभर विचार केला म्हणे. शेवटी 'अत्यावश्यक सेवा' असं लिहिलं.

आता माझं ऐका. मी अर्ज टाकला नाही. मुळ्यांनी दोनदा भिंतीवरून सांगितलं, "मी मजकूर देतो, तुम्ही फक्त सही करा." मी म्हणालो, "तुमचं चालू द्या." त्यांचा मजकूर घेऊन मी शेड चालवू? त्यापेक्षा शटर अर्धं खाली ओढून, शेताशेतानं माणसं आणून काम केलेलं परवडलं. परवडलं म्हणजे आठवडाभर.

एका दुपारी तपासणीचं सरकारी पथक आलं. मी खूण केली, मशीन बंद, दिवे बंद, सगळे अंधारात श्वास रोखून. बाहेर कोणीतरी म्हणालं, "इथं काही नाही, चला." गाडीचं दार उघडल्याचा आवाजही आला. आणि तेवढ्यात आत, टक टक टक! रंगनाथ. त्यानं नुकताच एक जोड संपवला होता. जोडावर जळक्या मळीची खपली येते, ती गरम असतानाच छोट्या हातोडीनं उडवायची असते. कुठलाही वेल्डर ती तशी ठेवून उठत नाही. रंगनाथच्या डोक्यात पथक होतं, पण हात जोडाकडं होता.

मी दात-ओठ खात बघितलं तर तो कुजबुजला, "शेठ, न्हाई काढली तर जोड वाईट दिसतो वो."

जोड छान दिसला. शटरवर लाखेचं सीलही छान दिसलं.

माझी बाकीची माणसं जवळच्या गावांतली, ती गेली. रंगनाथ कुठं जाणार? जामखेडचा रस्ता बंद. तो पिशवी घेऊन रस्त्यात उभा राहिला. मी डोकं धरून बसलो होतो, मला सुचलं नाही. मुळे फाटकाशी आले, त्याच्या कपाळाला तापमापक लावलं, अंक बघितला, नाव लिहून घेतलं आणि फाटक उघडलं. वॉचमनच्या खोलीत त्याला वेगळं ठेवलं. नियमाप्रमाणे. मग आत घेतलं. तेही नियमाप्रमाणे. माझं सील निघालं, दंड भरला, पण रंगनाथ काही परत आला नाही. "हितं बरं हाय शेठ," एवढंच म्हणाला. त्या 'बरं'नं माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तक्रार मुळ्यांनीच केली असा मला दाट संशय होता. तोंडावर विचारलं. मुळे दुखावले, पण वेगळ्याच कारणानं. "मी तक्रार केली असती तर तुम्हाला प्रत दिली नसती का? एवढी साधी पद्धत मी सोडीन?"

पुढच्याच आठवड्यात तेच पथक मुळ्यांकडं तपासणीला गेलं. मी मनात म्हटलं, आता सापडतील. तर मुळ्यांनी पथकाच्या प्रमुखालाच फाटकात अडवलं. का, तर त्याचा मास्क नाकाखाली होता. "नाक आत असल्याशिवाय आपल्याला आत घेता येणार नाही," म्हणाले. मला वाटलं, आता हे जातात आत, वेगळ्या अर्थानं. पण तो अधिकारी खजील होऊन हसला, नाक झाकलं, सगळी पाहणी केली आणि बाहेर येऊन आम्हा सगळ्यांना म्हणाला, "मुळ्यांकडून शिका जरा." मी तेव्हा दंडाची पावती खिशात घालत होतो.

शेडला सील होतं तेव्हाही मी रोज तिकडं जायचो. मंगलला सांगायचो, लक्ष ठेवायला जातो. खरं सांगू का, वासाला जायचो. दुपार झाली की भिंतीपलीकडून फोडणीचा वास यायचा. कधी पिठलं, कधी हुलग्याची शेंगोळी. वर्तुळा-वर्तुळात माणसं बसायची, टोकाला पातेलं घेऊन अक्का. फिटर असो, हमाल असो, एकच प्रश्न, "आणखी?" आणि उत्तराची वाट न बघता वाढायचं. मुळे जेवताना आदेश वाचत बसायचे. अक्का ओरडायच्या, "मनू, तो कागद ठेव. भात निवतोय." आणि साठीला आलेला हा माणूस, ज्यानं पथकाच्या प्रमुखाला फाटकात उभं केलं होतं, मुकाट्यानं कागद खाली ठेवायचा. एकदा अक्कांनी मला भिंतीशी पाहिलं. मुळ्यांनी लांब दांड्याच्या चिमट्यात वाटी धरून, अंतर राखून, शेंगोळी माझ्याकडं दिली. मी बंद शटरला पाठ लावून खाल्ली. तशी शेंगोळी माझ्या घरी होत नाही. हे मंगलला सांगू नका.

दुसऱ्या लाटेत दवाखान्यांना ऑक्सिजन पुरेना. कारखान्यांतली ऑक्सिजनची नळकांडी जमा करा असा आदेश आला. आमचं लोखंड कापण्याचं काम त्याच्यावरच चालतं. सगळे कुरकुरले, मीही कुरकुरलो आणि मग दिली. मुळ्यांनी आदेश वाचून होताच स्वतः टेम्पोत चढवून दिली. त्याच पंधरवड्यात अक्का आजारी पडल्या.

दवाखान्याच्या फाटकावर कोणाला आत सोडत नव्हते. माणसं हातापाया पडत होती, ओळखी लावत होती, भांडत होती. मुळे फाटकाशी गेले, पहारेकऱ्यानं नियम सांगितला, मुळे "बरोबर आहे" म्हणाले आणि समोरच्या झाडाखाली उभे राहिले. दिवसभर. दुसऱ्या दिवशीही. मी म्हणालो, "माझ्या ओळखीचा एक जण आहे आत, पाच मिनिटं सोडेल." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "नको. उद्या कोणी…" आणि ते वाक्य त्यांनी पहिल्यांदा अर्धं सोडलं.

अक्का गेल्या. शेवटच्या कामालाही किती माणसं चालतील याचा आदेश होता. मुळ्यांनी तोही पाळला.

तेवढे दिवस मी त्यांच्यावर जळलो नाही. मंगलनं त्यांना डबा पाठवायला सुरुवात केली. डबा परत यायचा, आत पोच, 'डबा मिळाला. आभारी आहे.' आणि पोचेखाली भाजी-पोळी जशीच्या तशी. मंगल डोळे पुसत म्हणाली, "एकटा माणूस, घास उतरत नसेल हो घशाखाली." चार-आठ दिवसांनी तिनं त्यांच्यासाठी मधल्या वारी पुरणपोळी केली, तेव्हा मी पुन्हा जळायला सुरुवात केली. आम्हाला होळीशिवाय पुरण दिसत नाही!

आता या सगळ्याला बरीच वर्षं झाली. मास्क गेले, अंतर गेलं, आदेश सगळे रद्द झाले. हे मी खात्रीनं सांगतो, कारण दुधानं तोंड पोळल्यापासून मी ताकही फुंकून पितो. सील लागल्यापासून निघालेला प्रत्येक आदेश मी वाचला आहे आणि रद्द झालेला प्रत्येक आदेश दोनदा वाचला आहे.

तर यंदा मला पुन्हा गव्हाणीच्या साखळीचं काम मिळालं. मोठं काम. दसऱ्याच्या आत साखळी पोचली तर त्या कारखान्यात माझं नाव पुन्हा उभं राहणार, नाही पोचली तर कायमचं गेलं. आणि त्या साखळीतले अवघड जोड रंगनाथच्या हाताशिवाय होणारे नव्हते. चहाच्या गाडीवर मी त्याला गाठलं.

"दुपारच्या सुट्टीत येत जा रे भिंतीपलीकडं. तासाभराचं काम. दसऱ्यापर्यंत." मनात म्हटलं, आधी तासभर, मग दिवसभर. बोट मिळालं की हात धरता येतो.

रंगनाथनं मान हलवली. "दुपारचं न्हाई जमायचं शेठ. नियम हाय."

"कसला नियम?"

"दुपारचं जेवान समद्यांनी आवारात, मालकासमूर, एका पंगतीत करायचं. साथीपासनं हाय त्यो."

"अरे, तो केव्हाच रद्द झाला!"

"आसंल," रंगनाथ कपात बघत म्हणाला. "आमाला काय कळतंय कायद्यातलं."

मी उडालोच. मुळे! नियमाचे मुळे! रद्द झालेला आदेश माणसांना लागू करून त्यांची हक्काची सुट्टी अडवतात? सुट्टीची वेळ कामगाराची स्वतःची असते, हे मला मुळ्यांनीच स्टुलावरून शिकवलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा या माणसाची चूक माझ्या हाताला लागली होती, आणि तीही कायद्याची. त्या रात्री मला छान झोप लागली. मंगल म्हणाली, "झोपेत हसत होतात."

दुसऱ्या दिवशी बरोबर जेवणाच्या वेळेला मी मुळ्यांच्या फाटकात गेलो. त्यांनी अजूनही कपाळाला तापमापक लावलं, वहीत माझी सही घेतली, येण्याचं कारण विचारलं. मी 'सदिच्छा भेट' लिहिलं.

आत पंगत बसली होती. जमिनीवरची वर्तुळं पुसट झाली होती आणि माणसं त्यांना न जुमानता मांडीला मांडी लावून बसली होती. टोकाला पातेलं, आणि पातेल्यामागं मुळे. ते वाढत होते. पांढऱ्या शर्टावर आमटीचा डाग होता. इतक्या वर्षांत त्यांच्या शर्टावर मी डाग पाहिला नव्हता. प्रत्येकापुढं वाकून विचारत होते, "आणखी?" त्यांचं स्वतःचं ताट बाजूला कोरडं पडलं होतं.

मी घसा साफ केला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मुळेसाहेब, तो जेवणाचा आदेश जरा बघू. नीट वाचायचा होता म्हणून म्हटलं."

पळी पातेल्यावर थांबली.

"तो," मुळे म्हणाले, "तो तोंडी आहे."

तोंडी! मुळ्यांच्या तोंडून! हा शब्द ऐकण्यासाठी मी इतकी वर्षं काढली होती. "तोंडी?" मी म्हणालो. "कोणी दिला?"

मुळे आमटीत बघत राहिले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"वाचून दावला हुता की सायबांनी," रंगनाथ म्हणाला. मान खाली, भाकरी मोडत. "कागद हुता. म्या सोता बघितला."

"व्हय, मीबी बघितला," त्याच्या शेजारचा फिटर म्हणाला.

"लई कडक हाय त्यो," टोकाचा म्हातारा हमाल म्हणाला. "पंगत मोडली तर शेडच बंद करत्यात म्हनं."

एकेक जण बोलत गेला. कोणाला शिक्का आठवत होता, कोणाला सही. सगळे एकजात खोटं बोलत होते. प्रत्येकाच्या खिशात मोबाईल होता, आदेश रद्द झाल्याचं त्यांना माझ्याआधी कळलं असणार. तरी रोज दुपारी हातातलं काम ठेवून ही माणसं इथं येऊन बसत होती, कारण ती उठून गेली असती तर पातेल्यामागं एकटा माणूस उरला असता. आणि तो जेवला नसता. मंगलच्या डब्यावरून मला हे कळायला पाहिजे होतं. कळलं नाही, कारण मी पुरणपोळ्या मोजत होतो.

यांना ठाऊक आहे हे मुळ्यांना ठाऊक आहे का, ते मला आजही सांगता येणार नाही.

मुळ्यांनी वर पाहिलं. "गोरखराव," ते म्हणाले. आवाज इतका लहान, की पहिल्यांदा मला ऐकूच आला नाही. "तुमच्याकडे नाही का आला हा आदेश?"

रंगनाथ माझ्याकडं बघत होता. एक शब्द, 'नाही', आणि त्याची दुपार मोकळी होती. साखळी दसऱ्याला पोचली असती. कारखान्यात माझं नाव झालं असतं. मुळ्यांना कायद्यात चीत करणारा पहिला माणूस म्हणून एमआयडीसीत माझा फोटो लागला असता.

"आलाय ना," मी म्हणालो. "आमच्याकडंही आलाय. म्हटलं, तुम्हालाच आलाय का आणि कोणाला, ते विचारावं."

पळी पुन्हा पातेल्यात गेली. "मग बसा," ते म्हणाले. आवाजात हळूहळू साहेब परत येत होते. "उभ्यानं जेवता येत नाही. तसंही म्हटलंय त्यात."

मी बसलो. साखळीचं काय व्हायचं ते होईल. हमालानं सरकून जागा केली, कोणीतरी ताट दिलं, मुळ्यांनी आमटी वाढली. पाण्यासारखी होती आणि मीठ जास्त. मी "वा" म्हणालो.

सगळ्यांना वाढून झाल्यावर मुळे पळी हातात धरून तसेच बसून राहिले. रंगनाथ उठला. त्यानं मुळ्यांचं कोरडं ताट पुढं ओढलं, त्यात भाकरी कुस्करली, वर आमटी ओतली, बोटानं कालवली आणि ताट त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"जेवा आता," तो दरडावून म्हणाला, आणि मुळे पहिला घास गिळेपर्यंत तिथंच उकिडवा बसून राहिला. इतकी वर्षं तो माझ्या शेडमध्ये होता, मला त्यानं कधी असं जेवायला घातलं नव्हतं.